सुंदर खेळून हरलेला संघ, की कॉर्नरवर जिंकलेला?

फातोर्डा_पूर्व_स्टँड

मंडळी, एक जुनी जखम उघडतो.

१७ मार्च २०१९. अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरीना, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) अंतिम लढत, एफसी गोवा विरुद्ध बंगळुरू एफसी. मडगावहून आम्ही सात जण आदल्या रात्री गाडी काढून निघालो होतो. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक. आमचा आघाडीवीर कोरो, त्याचे त्या मोसमात १६ गोल झाले होते. पाठीमागून छोट्या छोट्या पासांनी चेंडू बाहेर काढायचा, समोरचा दाबायला आला की त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत घुसायचं. दोन वर्षं आम्ही हे फातोर्ड्याला, आमच्या घरच्या मैदानावर, डोळे भरून बघितलं होतं. त्याच संध्याकाळी पर्रीकर गेल्याची बातमी फोनवर आली. स्टँडमध्ये काही वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.

नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळेत आमचा जाहू दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला. आणि पेनल्टी शूटआउटला तीन-चार मिनिटं उरली असताना कॉर्नर, राहुल भेकेचं डोकं, गोल. संपलं.

आता हे आठवायचं कारण. माझा भाचा बारा वर्षांचा, एका अकॅडमीत जातो. परवा आणायला गेलो तर अर्धा तास फक्त कॉर्नर चालू होते. कोण कुठे उभा राहणार, कोण कुणाला अडवणार. पोराला चेंडू पायात घेऊन दोघातिघांना चकवायची भारी हौस आहे, पण त्याचं काम काय, तर गोलच्या पहिल्या खांबाजवळ उभं राहायचं. मला वाईट वाटलं.

प्रश्न सरळ आहे. तुमच्या संघाने बचाव घट्ट ठेवून, कॉर्नर आणि फ्री किकवर गोल करून करंडक आणावा, की लोबेराच्या गोव्यासारखं खेळावं आणि हरावं? मी दुसऱ्या बाजूचा आहे. पटवून द्या.

परळचा_पिंट्या

धागा वाचताना गोवेकरांचे डोळे ओले होणार. आलोच, चहा टाकून येतो.

निळावंती

मी मूळची सांगलीची, बारा वर्षं बंगळुरूत. त्या दिवशी अंधेरीत तुमच्या समोरच्या बाजूला निळा टीशर्ट घालून मीच बसले होते. :)

दादा, तुमचं दुःख कळतं, पण मांडणी पटत नाही. तुम्ही असं लिहिलंय जणू आम्ही नुसते गोलासमोर भिंत बांधून बसलो होतो. आमच्याकडे छेत्री होता, मिकू होता, उदांता होता. आम्हीही गोल करायलाच आलो होतो. आणि कॉर्नर काय आकाशातून पडतो? समोरच्याला तुम्ही त्याच्या गोलरेषेपर्यंत ढकललंत, तर तो मिळतो.

शिवाय आमची बाजू ऐका. आदल्या वर्षी, २०१८ला, अंतिम सामना आमच्याच घरी कांतीरवावर. छेत्रीने नवव्या मिनिटाला गोल केला, सगळं स्टेडियम उभं. मग चेन्नईयिनच्या मेलसनने दोन हेडर मारले. दोन्ही कॉर्नरवर. आम्ही ३-२ हरलो. त्या रात्री मीही तुमच्यासारखीच रडले होते. पण आमच्या संघाने काय केलं? जिथे मार खाल्ला तेच शिकला आणि वर्षभराने त्याच वाटेने करंडक आणला. याला मी कमीपणा मानत नाही.

आणि राहुल भेके मुंबईचा पोरगा आहे हो. आपल्या मराठी मुलाने अंधेरीत, आपल्या गावच्या मैदानावर गोल मारला, त्याचा थोडा तरी आनंद माना!

फातोर्डा_पूर्व_स्टँड

@निळावंती, भेकेबद्दल आनंद आहेच. पण त्याला तो आनंद इतर कुठल्या दिवशी देता आला नसता का?

रांगडा_हाफबॅक

कोल्हापूरकर हजर!

भावांनो, आमच्याकडं हा वाद पेठापेठांत रोज असतो. वर्ल्डकप आला की निम्म्या गल्ल्यांत ब्राझीलचं झेंडं, निम्म्यांत अर्जेंटिनाचं. का? तर त्यांचा खेळ बघून लोक वेडं झालं. बचाव भारी म्हणून इटलीचा झेंडा लावलेली गल्ली मी अजून बघितली नाही. शाहू स्टेडियमवर कुणी एकानं समोरच्याच्या दोन पायांतनं चेंडू काढला तर जो आवाज होतो, तसला आवाज साध्या गोलाला पण होत नाही.

पण खरं सांगू? आपल्या तालमीचा संघ असला की मग हेच लोक शेवटच्या पाच मिनिटांत "मार बाहेर, मार बाहेर" म्हणून बोंबलतात. सुंदर खेळ दुसऱ्याच्या मॅचमध्ये बघायचा, आपल्या मॅचमध्ये जिंकायचं. मी तसाच आहे.

तोफखाना_पुणे

नाव बघून कळलंच असेल, इंग्लंडच्या आर्सेनलवाला. हा विषय माझ्या रोजच्या जेवणाचा आहे.

आमच्याकडे निकोला जोव्हर म्हणून सेट पीसचा (कॉर्नर, फ्री किक वगैरेंचा) प्रशिक्षक २०२१ला मँचेस्टर सिटीकडून आला. २०२३-२४च्या प्रीमियर लीगमध्ये आम्ही कॉर्नरवर १६ गोल केले, लीगच्या विक्रमाशी बरोबरी. डिसेंबर २०२४ला मँचेस्टर युनायटेडला २-० हरवलं, टिंबर आणि सलिबा, दोन्ही कॉर्नर. आता लोक म्हणतात आर्सेनल म्हणजे कॉर्नरचा संघ झाला, जुने प्रशिक्षक वेंगर यांच्या काळातलं सौंदर्य गेलं.

पण त्याच २०२३-२४मध्ये आमचे एकूण ९१ गोल झाले. १६ कॉर्नरचे बाजूला काढा, तरी ७५ उरतात. पाऊणशे गोल करणारा संघ बचावात्मक कसा?

आणि माझं मत असं की चांगला कॉर्नर हीसुद्धा कलाच आहे. साका किंवा राइस चेंडू गोलीच्या अंगावर आत वळवत टाकतो. गॅब्रिएल मागून धावत येतो. त्याच्या वाटेतल्या माणसाला दुसरा कुणीतरी हळूच अडवतो, तिसरा गोलीसमोर उभा. सगळं एका सेकंदात जुळून यावं लागतं. गणपतीत ढोलपथक बघितलंय ना? प्रत्येकाचा एकच ठोका, पण तो वेळेवर पडला तरच अंगावर काटा येतो.

सारिया८२

वय ६६. या विषयावर मी आयुष्यभर बोलतो आहे, त्यामुळे थोडं लांब होईल.

५ जुलै १९८२, बार्सिलोनातलं सारिया स्टेडियम. ब्राझील विरुद्ध इटली. तो सामना मी पुढे कित्येक वर्षांनी व्हिडिओ कॅसेटवर बघितला, मग पुन्हा पुन्हा बघितला. टेले सान्तानाचा ब्राझील: झिको, सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो, एडर, ज्युनियर. ब्राझीलला उपान्त्य फेरीसाठी बरोबरी पुरेशी होती. रॉसीने गोल केला, सॉक्रेटिसने फेडला. सेरेझोचा एक आडवा पास चुकला, रॉसीचा दुसरा. ६८व्या मिनिटाला फाल्कावने २-२ केलं आणि दोन्ही हात पसरून, गळ्याच्या शिरा ताणून तो धावला. ते दृश्य मी विसरणार नाही.

तिथे थांबायचं होतं. बरोबरी हातात होती. पण त्या संघाला थांबणं ठाऊकच नव्हतं. ७४व्या मिनिटाला इटलीला कॉर्नर मिळाला, चेंडू नीट बाहेर गेला नाही, तार्देलीचा फटका, रॉसीचा पाय, ३-२. मूळ पोस्टवाल्या मित्रा, तोही कॉर्नरच होता.

झिकोला जेंटिलेने सामनाभर असं धरून ठेवलं की त्याचा शर्ट फाटला. आणि हाच झिको २०१४ ते २०१६ तुमच्या एफसी गोवाचा प्रशिक्षक होता. २० डिसेंबर २०१५, फातोर्डा, अंतिम सामना. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर गोवा २-१ पुढे. शेवटी ३-२ने चेन्नईयिन जिंकलं. दोन्ही वेळा आकडा ३-२, दोन्ही वेळा शेवटपर्यंत टिकवायचं होतं ते हातातून निसटलं. मी तेव्हा टीव्हीसमोर बसून सारियाच आठवत होतो.

तरी विचाराल तर आजही माझं मन १९८२च्या ब्राझीलकडेच आहे. १९९४चा विश्वविजेता ब्राझील मला आदराने आठवतो. अंतिम सामन्यात १२० मिनिटांत एकही गोल नाही, पेनल्टीवर करंडक. प्रशिक्षक परेरा आणि कर्णधार डुंगाने देशाची २४ वर्षांची प्रतीक्षा संपवली, ही लहान गोष्ट नाही. पण १९९४चा सामना पुन्हा लावून बघावा असं मला कधी वाटलं नाही.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

काका, २०१५ची आठवण काढलीत. मी तेव्हाही तिथेच होतो. नव्वदाव्या मिनिटाला आमचा स्वयंगोल, मग चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल. पण निदान मनाला समजावायला झिकोचा खेळ होता.

निळावंती

सारिया काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ते फाल्कावचं धावणं आत्ता शोधून बघितलं. खरंच काटा आला.

ओट्टोचा_भक्त

सगळे ब्राझील-ब्राझील करताय, आता गरिबांची बाजू मांडतो.

युरो २००४, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. ग्रीस. त्याआधी कुठल्याही मोठ्या स्पर्धेत त्यांनी एक सामना जिंकला नव्हता. एकही नाही. प्रशिक्षक जर्मन, ओट्टो रेहागेल. उपान्त्यपूर्व फेरीत फ्रान्स, म्हणजे झिदान, ऑन्री. १-०. उपान्त्य फेरीत चेक संघ, त्या स्पर्धेतला माझ्या मते सगळ्यात देखणा. कॉर्नरवर डेलासचं डोकं, १-०. अंतिम सामना लिस्बनमध्ये, यजमान पोर्तुगाल, फिगो, डेको, कोवळा रोनाल्डो. कॉर्नर, खारिस्तेआस, १-०. बाद फेरीतले तिन्ही गोल डोक्याने.

लोक म्हणाले कंटाळवाणा संघ. मला सांगा, ग्रीसने काय करायला हवं होतं? फ्रान्सशी मोकळं खेळून ४-० हरायचं आणि "छान खेळलात" अशी शाबासकी घेऊन घरी जायचं? ज्याच्याकडे झिदान आहे त्याने सौंदर्याच्या गोष्टी कराव्यात. ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे शिस्त असते, उंची असते आणि कॉर्नर असतो. मी शाळेत असताना आमच्या संघाला बूट नव्हते, समोरच्या सगळ्यांना होते. आम्ही नऊ जण मागे थांबून १-० जिंकलो होतो. त्या दिवशी सुंदर खेळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

रांगडा_हाफबॅक

@ओट्टोचा_भक्त नाद खुळा! बुटांची गोष्ट काळजाला लागली.

कुस्तीत पण हेच असतंय. एक पैलवान डावावर डाव टाकतो, मैदान डोक्यावर घेतं. दुसरा गप्प पकड घट्ट करून बसतो, समोरच्याचा दम गेला की एकच ढाक मारतो आणि चितपट. त्याला कुणी रडका पैलवान म्हणत नाही. आमच्याकडं त्याला मुरलेला म्हणत्यात.

कबड्डीप्रेमी_दादर

अवांतर: मग कबड्डीत साखळी करून पकड करणाऱ्यांना काय म्हणायचं? टाळ्या चढाईवाल्याला मिळतात, सामना बऱ्याचदा कोपरारक्षक जिंकून देतो. कबड्डीतसुद्धा सगळा खेळ कॉर्नरवरच! :D

परळचा_पिंट्या

चहा पिऊन आलो, केवढे प्रतिसाद झाले!

गोवेकरांच्या जखमेवर थोडं मीठ चोळतो, माफ करा. २०२०मध्ये लोबेरा मुंबई सिटीकडे आला. जाहू आला, मोर्ताडा फॉल आला, बूमू आला. तुमचंच सामान, आमचं घर. २८ फेब्रुवारी २०२१, लीगचा शेवटचा सामना, एटीके मोहन बागानविरुद्ध. जिंकलो तरच शील्ड (लीगमधल्या अव्वल संघाचा करंडक) आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचं तिकीट. २-० जिंकलो. पहिला गोल: जाहूची फ्री किक, फॉलचं डोकं. दुसरा: सान्तानाची फ्री किक दांडीवर आपटून परत आली, ओग्बेचेने डोक्याने आत ढकलली.

म्हणजे भारतातला सगळ्यात देखणा फुटबॉल खेळवणाऱ्या माणसाने सगळ्यात मोठा सामना दोन फ्री किकवर जिंकला. लोबेराला स्वतःला या दोन गोष्टींत भांडण दिसत नाही, मग आपण का लावून देतोय?

फातोर्डा_पूर्व_स्टँड

हे मात्र मला सुचलं नव्हतं. त्या सामन्यात फॉल डोकं लावताना बघून "हा आमचा होता" एवढंच मनात आलं होतं.

तोफखाना_पुणे

+१ पिंट्या. आणि २०१०चा स्पेन घ्या. टिकी-टाका, म्हणजे छोट्या छोट्या पासांचा खेळ, झावी, इनिएस्ता, सगळं जग वेडं. विश्वचषकात सात सामन्यांत गोल किती? आठ. बाद फेरीचे चारही सामने १-०. आणि जर्मनीविरुद्धची उपान्त्य लढत कशी जिंकली? झावीचा कॉर्नर, पुयोलचं डोकं. माझ्या मते तो संघ चेंडू स्वतःकडे ठेवूनच बचाव करत होता. त्याला आपण देखणा म्हणतो, ग्रीसला कंटाळवाणा. दोघांनीही बाद फेरीत एकसुद्धा गोल खाल्ला नाही.

सारिया८२

तोफखाना, मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच. स्पेनचा सामना बघताना पुढच्या पासात काय होईल याची उत्सुकता असायची. ग्रीसचा बघताना घड्याळाकडे लक्ष जायचं. प्रेक्षकाच्या पोटात काय होतं, तेही मोजायला हवं.

ओट्टोचा_भक्त

काका, ग्रीक प्रेक्षकाच्या पोटात त्या वेळी काय होत असेल, तेही मोजा ना!

निळावंती

मला वाटतं आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतोय. बचाव नीट करणं ही एक. कॉर्नर-फ्री किकची तयारी ही दुसरी. आणि वेळ काढणं तिसरी: गोली दहा वेळा बूट बांधतो, खेळाडू हात लावला की लोळतो, थ्रो-इनला चेंडू पुसत बसतो. माझा राग फक्त तिसऱ्यावर आहे. पहिल्या दोन्हींना मेहनत लागते, तिसरीला फक्त निर्लज्जपणा. २००८-०९चा स्टोक सिटी आठवतो? रोरी डेलॅपचा लांब थ्रो. लोक हसायचे, पण तो भालाफेक शिकलेला माणूस होता आणि ती ताकद त्याने कमावली होती. नोव्हेंबर २००८ला आर्सेनलला २-१ हरवलं, दोन्ही गोल त्याच्या थ्रोवर. (सॉरी तोफखाना.)

तोफखाना_पुणे

पुण्यात पाऊस पडला की तो सामना अजून दुखतो. पण मुद्दा शंभर टक्के मान्य.

मैदानावरचा_मास्तर

ठाण्यात लहान मुलांना शिकवतो, १४ वर्षं झाली. मूळ प्रश्नातल्या भाच्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

आधी कॉर्नरबद्दल. कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसतो, त्यामुळे गोलीच्या पुढ्यात माणसं उभी करता येतात. तरीही शंभर कॉर्नरमागे गोल तीन-चारच होतात. मोठ्या संघांना ते तीन-चार लाखमोलाचे, कारण तिथे मोसम एका गुणावर ठरतो. बारा वर्षांच्या मुलांत चित्र वेगळं असतं. तिथे गोली बुटका, गोल मोठा. उंच पोराला पुढे उभं करून उंच चेंडू टाकला की गोल झालाच समजा. प्रशिक्षकाला करंडक मिळतो, पालक खूश. आणि चार वर्षांनी बाकीची पोरं उंच झाली की त्या पोराला चेंडू पायात घेता येत नाही. असे किमान दहा जण माझ्या डोळ्यासमोर आहेत.

म्हणून माझा नियम: चौदा वर्षांपर्यंत कॉर्नरचा सराव आठवड्यातून दहा मिनिटं. बाकी सगळा वेळ चेंडू पायाशी. एकास एक, दोनास दोन, छोट्या जागेत. डिफेन्सची रेषा मी सहा आठवड्यांत शिकवू शकतो. समोरच्याला चकवून जायची हिंमत बाराव्या वर्षी मेली, तर ती सोळाव्या वर्षी परत आणता येत नाही.

ओट्टोभक्त, तुमच्या ग्रीसला माझा सलाम. पण ग्रीसची ती माणसं मोठी झालेली होती. लहान मुलांच्या संघाला आपण ग्रीस करू नये.

ओट्टोचा_भक्त

मास्तर, इथे मी शस्त्रं खाली ठेवतो. पोरांना खेळू द्यावं. माझा मुद्दा मोठ्यांपुरताच.

रांगडा_हाफबॅक

मास्तर जगात भारी. आमच्याकडं गल्लीत चार-चार जण, दगडाचे गोल, कॉर्नरच नाही. भिंतीला लागला तरी खेळ चालूच. तिथंच पाय तयार होतो.

सारिया८२

मास्तरांच्या म्हणण्यात आपल्याकडच्या इतिहासाची एक आठवण जोडतो. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२, त्यात नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. गोव्याचं रक्त आणि मुंबईची मैदानं. तेव्हा आपल्या मैदानांवर सेट पीसचे प्रशिक्षक नव्हते. आज आपल्याकडे गोल करणारे तयार होत नाहीत आणि छेत्रीला निवृत्तीनंतर परत बोलवावं लागलं. याचं एक कारण मला मास्तर सांगतात त्यातच दिसतं.

परळचा_पिंट्या

काका, सहमत. आयएसएलमध्ये पुढची जागा बहुतेक संघ परदेशी खेळाडूला देतात, हे दुसरं कारण. पण त्यावर वेगळा धागा काढू, नाहीतर हा शंभरावर जाईल.

फातोर्डा_पूर्व_स्टँड

आठवडाभराने परत आलो. मास्तरांचा प्रतिसाद वाचून काल भाच्याच्या सरावाला लवकर गेलो आणि पूर्ण वेळ थांबलो.

अर्धा तास कॉर्नर झाले खरे. पण त्याआधी पाऊण तास छोट्या जागेत तीनास तीन चालू होतं, जे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं, कारण मी नेहमी शेवटी पोचायचो. प्रशिक्षकांशी बोललो. म्हणाले, शनिवारी स्पर्धा आहे म्हणून या दोन आठवड्यांत कॉर्नर जास्त घेतोय. मास्तरांचा दहा मिनिटांचा नियम सांगितला. हसले, आणि मग बराच वेळ गंभीरपणे ऐकलं.

गाडीत भाच्याला विचारलं, पहिल्या खांबाजवळ उभं राहायला कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "मामा, मी तिथे उभा असतो तेव्हा दोघं जण मला धरून ठेवतात. मी बाहेर पळालो की ते माझ्यामागे येतात आणि आर्यनला जागा मिळते. ते दोघं फसतात ना, ते ड्रिबलसारखंच आहे, फक्त चेंडू नसतो."

माझं मत बदललं नाही. लोबेराचा तो संघ आजही मला करंडकापेक्षा मोठा वाटतो. पण घरी येऊन सहा वर्षांत पहिल्यांदा भेकेचा तो गोल पुन्हा बघितला. या वेळी चेंडूकडे बघितलं नाही, बॉक्समध्ये कोण कुणाला कुठे घेऊन गेलं ते बघत बसलो. चार वेळा बघितला.

निळावंती

दादा, मग? काय दिसलं?

फातोर्डा_पूर्व_स्टँड

आमची माणसं थकलेली दिसली. दहाच जण होती बिचारी. आणि भेकेची उडी खरंच चांगली होती.

रांगडा_हाफबॅक

भाच्याला सुट्टीत कोल्हापूरला घेऊन या. गल्लीत खेळवू, संध्याकाळी शाहू स्टेडियमवर मॅच बघू, रात्री तांबडा-पांढरा. शनिवारच्या मॅचचं काय झालं ते मात्र इथं टाका.